खरे बोलणारा मुलगा आणि वर्गाचे नियम

शाळा उघडल्या की मंदिराच्या सभामंडपातील सायंकाळच्या बोलण्याचा विषय बदलतो. उन्हाळाभर लग्नामुंजींच्या आणि प्रवासाच्या हकिकती चालतात. जून निम्मा सरला की वह्यांच्या किमती, रिक्षाचे दर आणि यंदा वर्गशिक्षक कोण आले, यांवर गोष्टी येऊन ठेपतात. अशाच एका सायंकाळी, आरती होऊन प्रसाद वाटून झाल्यावर, आपल्या मंडळाचे एक सभासद आमच्याजवळ येऊन बसले. त्यांचा मुलगा यंदा नववीत गेला आहे. त्यांच्या हातात मुलाची शाळेची डायरी होती. तिच्या पहिल्या पानावर वर्गाचे नियम छापलेले होते, आणि आतल्या एका पानावर वर्गशिक्षकांनी तांबड्या शाईने एक ओळ लिहून तिच्याखाली पालकांची सही मागितली होती. विद्यार्थी उशिरा येतो व खोटी कारणे सांगतो, अशी ती ओळ होती.

घडले होते ते एवढेच. प्रार्थनेची घंटा झाल्यावर जो येईल त्याने पहिला तास वर्गाबाहेर उभे राहावे, असा नियम. शाळेच्या बसने येणाऱ्या मुलांना मात्र त्यातून सूट, कारण बसचा उशीर हा मुलांचा अपराध नव्हे. या मुलाच्या सायकलची साखळी वाटेत तुटली. सायकल दुकानात दुरुस्तीला टाकून तो धावत आला, तोवर प्रार्थना संपली होती. त्याने घडले ते सांगितले. हाताला लागलेले काळे तेल त्याने वाटेतल्या नळावर स्वच्छ धुऊन टाकले होते, त्यामुळे दाखवायलाही त्याच्याजवळ काही उरले नव्हते. त्याच दिवशी त्याच वर्गातला दुसरा एक मुलगा सेव-उसळीच्या लारीपाशी रेंगाळून उशिरा आला, 'बस उशिरा आली' असे म्हणाला आणि सरळ बाकावर जाऊन बसला. मधल्या सुट्टीत त्याने आपला पराक्रम सर्वांना सांगितलाही. घरी आल्यावर मुलगा वडिलांना म्हणाला, "बाबा, मीही बस म्हटले असते तर चालले असते."

"सर, याला मी काय उत्तर देऊ?" असे त्या गृहस्थांनी आम्हांला विचारले. आम्ही काय बोललो ते सांगायला आज संकोच वाटतो. साठ मुलांचा वर्ग असतो, शिक्षक तरी कुणाकुणाची चौकशी करणार, असे चालायचेच, अशा अर्थाचे काहीतरी आम्ही बोललो. ते गृहस्थ भिडस्त आहेत. त्यांनी मान डोलावली, डायरी मिटली आणि ते उठून गेले. परंतु त्यांचा प्रश्न काही उठून गेला नाही. हायस्कुलात आयुष्य घालविलेल्या माणसाला त्याचे उत्तर देता येऊ नये, ही गोष्ट मनाला लागून राहिली. म्हणून हा लेख.

प्रथम नियमांची बाजू मांडली पाहिजे. कारण दुखावलेल्या पालकाला नियम म्हणजे जुलूम वाटू लागतो, आणि ते खरे नव्हे. ३५ मिनिटांचा तास असतो. मुले जागेवर बसणे, हजेरी होणे, वह्या निघणे यांत रोज पाच मिनिटे वाया गेली आणि वर्षाचे २०० दिवस धरले, तर १,००० मिनिटे होतात. म्हणजे त्या एका विषयाचे २८ तास कुणाच्याही लक्षात न येता नाहीसे झाले. दहावीच्या गणिताचे २८ तास कुणा शिक्षकाला उगाच देऊन पाहा, तो हात जोडील. ज्या वर्गात घंटा होताच मुले बसतात, हजेरी क्रमांकाने दोन मिनिटांत संपते, निबंधाच्या वह्या सोमवारी आणि प्रयोगाच्या वह्या गुरुवारी ठरल्या जागी येऊन पडतात, त्या वर्गात शिक्षकाचा आवाज चढत नाही. आवाज चढतो तो, जिथे रोज सगळे नव्याने ठरवावे लागते तिथे. परिपाठाचा आणखी एक गुण आहे. तो भित्र्या मुलाचा आधार असतो. बोलण्याआधी हात वर करायचा हा नियम नसेल, तर वर्गात मोठ्या आवाजाची पाच मुले बोलतील आणि उरलेली पंचावन्न वर्षभर गप्प राहतील.

यावर कुणी साने गुरुजींचे नाव घेईल. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालय त्यांच्याकडे होते. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजी रागावले नाहीत; मुले शाळेत गेली की ते स्वतः खोल्या झाडीत, अंथरुणे घडी करून ठेवीत, मळके कपडे धुऊन टाकीत. मुलांना लाज वाटली आणि ती आपली कामे आपण करू लागली. ही गोष्ट खरी आहे आणि ती वाचून आमच्याही डोळ्यांत पाणी आलेले आहे. परंतु नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही तिचे अनुकरण करावयास गेलो आणि एक महिनाभर वर्गाचा फळा, खडूची पेटी आणि कचऱ्याची टोपली आम्हीच सांभाळली. मुलांना यत्किंचितही लाज वाटली नाही. उलट, सरांना याची आवड आहे असा त्यांचा समज झाला. ते साने गुरुजी होते. आम्ही नव्हतो. तशा प्रेमाची ताकद ज्यांच्यापाशी नाही अशा आम्हां बहुसंख्यांना नियम लागतात, आणि त्यात काही कमीपणा नाही.

तेव्हा नियम हवेत, हे ठरले. प्रश्न पुढचा आहे. नियमाला मुलाचे खरे ऐकून घेण्याचे बंधन आहे की नाही?

'नियम' हा शब्द आपल्याकडे शाळेतून आलेला नाही. पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात यम आणि नियम असे दोन गट शेजारीशेजारी सांगितले आहेत. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह हे पाच यम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान हे पाच नियम. यमांविषयी तेथे आणखी एक सूत्र आहे. जात, देश, काळ, प्रसंग यांपैकी कशानेही ज्यांना खंड पडत नाही असे ते महाव्रत होय, असा त्याचा आशय आहे. नियमांविषयी असे सूत्र नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात तर हे अधिक उघड करून सांगितले आहे: यमांचे पालन नित्य करावे, जो यम सोडून नुसते नियम पाळीत बसतो त्याचे पतन होते. आपल्या पूर्वजांना नियम प्रिय नव्हते असे कोण म्हणेल? उठण्यापासून निजण्यापर्यंत त्यांनी माणसाला नियमांत बांधले. तरीही सत्य आणि अहिंसा त्यांनी नियमांच्या रांगेत बसविली नाहीत. त्यांची बैठक वरची ठेवली.

वर्गाच्या भिंतीवर जी यादी लावलेली असते ती जवळजवळ सारी दुसऱ्या गटातील आहे. वेळेवर या, गणवेश घाला, गृहपाठ दाखवा, परवानगीवाचून बाहेर जाऊ नका. या साऱ्या चांगल्या गोष्टी आहेत. परंतु त्या बदलता येतात. घंटा साडेसाताची पावणेआठाची केली तर धर्म बुडत नाही. त्याच यादीत कोठेतरी खाली 'नेहमी खरे बोलावे' असेही छापलेले असते. इतर अकरा नियमांसारखा बारावा, त्याच अक्षरांत. आमच्या मते गफलत येथेच होते. सत्य हा बारावा नियम नव्हे. बाकीचे अकरा ज्या जमिनीवर उभे असतात ती जमीन आहे. वेळेवर येण्याचा नियम पाळून घेताना खरे बोलण्याची किंमत मुलाच्या मनातून उतरणार असेल, तर आपण खिडकी नीट बसविण्यासाठी पायाचा दगड काढला.

गांधीजींच्या शाळेतील एक प्रसंग या संदर्भात फार बोलका आहे. राजकोटच्या ज्या हायस्कुलात ते शिकले ते पुढे आल्फ्रेड हायस्कूल या नावाने ओळखले गेले. २०१८ पासून त्या इमारतीत त्यांच्याच नावाचे संग्रहालय आहे. तेथे दोराबजी एदलजी गिमी हे हेडमास्तर होते. त्यांनी वरच्या वर्गांना व्यायाम आणि क्रिकेट सक्तीचे केले होते. मोहनदासला त्याची आवड नव्हती, आणि शाळा सुटल्यावर आजारी वडिलांची सेवा करण्याची त्याला ओढ होती. एका शनिवारी सकाळची शाळा झाली. दुपारी चार वाजता पुन्हा व्यायामासाठी जायचे होते. घरी घड्याळ नाही, आभाळ भरून आलेले. वेळेचा अंदाज चुकला. तो पोहोचला तेव्हा सारी मुले निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी विचारणा झाली. मुलाने होते ते सांगितले. हेडमास्तरांचा विश्वास बसला नाही आणि त्यांनी एकदोन आण्यांचा दंड केला. मुलगा फार रडला.

ही हकिकत त्यांनी लिहिली ती चाळीसएक वर्षांनंतर. आत्मकथेची प्रकरणे १९२५ च्या अखेरीपासून 'नवजीवन'मधून प्रसिद्ध होऊ लागली. तोवर चंपारण, खेडा, असहकार, सहा वर्षांची शिक्षा, एवढे सारे होऊन गेले होते. दंड एक आणा होता की दोन, हे त्यांना नीट आठवत नाही. दंड शेवटी माफ झाला असावा, हेही पुसटच आठवते. परंतु आपण खोटे ठरलो, हे मात्र जसेच्या तसे आठवते. पैशाचे दुःख मुलगा विसरला. खोटेपणाचा आळ विसरला नाही. आमच्या मते सारा प्रश्न या दोहोंमधील अंतरात आहे. उशीर झाला, म्हणून दंड, हे कृत्याविषयीचे बोलणे झाले. तू खोटारडा आहेस, हे माणसाविषयीचे बोलणे झाले. पहिले बोलण्याचा अधिकार नियमाला आहे. दुसरे बोलण्याचा अधिकार पुराव्यावाचून कुणालाच नाही. नियमाला नाही, शिक्षकाला नाही आणि, हे आपणही ध्यानात ठेवावे, आईबापांनाही नाही.

त्या प्रसंगातून गांधीजींनी स्वतःसाठी काढलेला बोध मात्र वेगळाच आहे, आणि आपल्या मुलांना हा अर्धा भाग सांगायला आपण विसरतो. सत्याने वागू इच्छिणाऱ्या माणसाने गाफील राहून चालत नाही, असे त्यांनी त्या वयात ओळखले. हेडमास्तर चुकले म्हणून मी निर्दोष, असे त्यांनी म्हटले नाही.

येथे आमची स्वतःची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ती सांगितल्यावाचून दुसऱ्याच्या तांबड्या शाईविषयी बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही. फार वर्षांपूर्वी दहावीच्या एका वर्गाचे आम्ही वर्गशिक्षक होतो. उशिरा येणाऱ्याने दाराबाहेर उभे राहावे, हा नियम आमचाही होता, आणि तो आम्ही कडक पाळीत असू. त्याचा आम्हांला अभिमानही होता. आमच्या वर्गात सर्वांना नियम सारखा, असे आम्ही शिक्षकांच्या खोलीत म्हणत असू. एक मुलगा दर दोनतीन दिवसांनी दहा मिनिटे उशिरा येऊ लागला. पहिल्या दिवशी त्याने काही सांगावयास सुरुवात केली. "कारणे नकोत," असे आम्ही म्हणालो. त्यानंतर त्याने तोंड उघडले नाही. यायचा, दप्तर खाली ठेवायचा आणि कोणी न सांगता दाराबाहेर उभा राहायचा. आम्हांला वाटले, मुलगा निर्ढावला.

पुढे एके दिवशी काही कामासाठी आम्ही अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. सकाळी सायकलवरून जाताना एका प्राथमिक शाळेच्या बंद फाटकापाशी तो मुलगा उभा असलेला दिसला. त्याने सहासात वर्षांच्या बहिणीचा हात धरलेला होता. आई ज्या दिवशी लवकर कामाला जाई त्या दिवशी बहिणीला पोहोचविणे त्याच्याकडे असे. आणि त्या शाळेचे फाटक उघडण्याची वेळ व आमच्या शाळेच्या घंटेची वेळ एकच होती. लहान मुलीला रस्त्यावर एकटे सोडून वेळेवर यायचे, की तिला आत पोचवून उशिरा यायचे, यांतून तो रोज निवड करीत होता. योग्य तीच करीत होता. आणि आमच्या वर्गात त्याची शिक्षा भोगीत होता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्याला उभे केले नाही. पण त्याला काही बोललोही नाही. चारचौघांत "माझे चुकले" असे म्हणणे तर दूरच, एकट्याला बोलावूनही म्हटले नाही. वर्गावरील वजन कमी होईल असे वाटले. खरे सांगायचे तर, लाज वाटली. मार्चमध्ये परीक्षा झाली, मुले पांगली. निकालानंतर पेढे घेऊन बरीच मुले घरी आली. तो आला नाही. तो यावा अशी अपेक्षा करण्याचा हक्क आम्हांला नव्हता, हे आम्हांला पुरते ठाऊक होते. तरी त्या आठवड्यात फाटक वाजले की आम्ही बाहेर डोकावत असू.

त्यानंतर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. प्रत्येकाचे ऐकून घ्यायचे असे ठरविले. परिणाम काय झाला असेल, हे शिक्षकी केलेल्यांना सांगायला नको. एका विद्यार्थ्याच्या आजी त्या वर्षात तीन वेळा वारल्या; पहिल्या दोन वेळा आम्ही दुखवटाही व्यक्त केला. ज्याची वाणी चालते त्याला सूट आणि ज्याला बोलता येत नाही त्याला शिक्षा, असा नवाच अन्याय सुरू झाला. रोज सकाळी दारात न्यायालय भरू लागले आणि तासाची पाच मिनिटे पुन्हा जाऊ लागली. ऐकून घेणे म्हणजे सोडून देणे नव्हे, हे समजायला आम्हांला ते वर्ष लागले.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातील सत्यकाम जाबालाची कथा आपण कीर्तनांतून ऐकतो. परंतु कीर्तनकार बहुधा अर्ध्यावर थांबतात. गुरुकुलात घेण्यापूर्वी गोत्र विचारायचे, हा आचार्यांचा नियम. हारिद्रुमत गौतमांनी तो विचारला. मुलाने आईने सांगितले तेच सांगितले: अनेक घरी काम करीत असताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही, माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम. कोणतेही एक गोत्र ठोकून दिले असते तर कोण तपासायला जाणार होते? त्याचाही 'बस उशिरा आली' म्हणण्याचा मार्ग मोकळा होता. गौतमांनी पाहिले की हा मुलगा सत्यापासून ढळला नाही, आणि त्याला आत घेतले. इथपर्यंत सर्वांना माहीत आहे. पुढे लगेच काय झाले? त्यांनी चारशे रोड, अशक्त गाई निवडून त्याच्या हवाली केल्या आणि त्यांच्यामागे जा, असे सांगितले. हजार झाल्यावाचून परतणार नाही, असे म्हणून तो निघाला आणि वर्षानुवर्षे रानात राहिला. त्याच्या शब्दावर गुरूंनी पूर्ण विश्वास ठेवला आणि शिस्तीतून त्याला एका गाईचीही सूट दिली नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाने, एकाच दिवशी केल्या.

आमच्या वर्गात गाई नव्हत्या. आम्ही एक वही ठेवली. दाराशी टेबलावर ती उघडी असे. उशिरा येणाऱ्याने आत येताना स्वतःच्या हाताने तारीख, वेळ आणि एका ओळीत कारण लिहायचे आणि आवाज न करता जागेवर बसायचे. त्या वेळी कुणी काही विचारायचे नाही. जितकी मिनिटे गेली तितकी मधल्या सुट्टीत बसून बुडलेले लिहून काढायचे; कारण खरे असो, खोटे असो, सबळ असो, दुबळे असो, हा भाग सर्वांना सारखा. महिन्याच्या अखेरीस आम्ही वही वाचीत असू, आणि ज्याचे नाव वारंवार दिसे त्याला एकट्याला बोलावून विचारीत असू. ते अडचण समजून घेण्यासाठी, आरोप ठेवण्यासाठी नव्हे. एका मुलाने महिनाभर 'झोप' एवढाच शब्द लिहिला होता. चौकशीत निघाले की तो रात्री अकरापर्यंत मामाच्या दुकानात बसतो. तोंडाने थाप मारणे सोपे असते. तीच थाप स्वतःच्या अक्षरात, आदल्या आठवड्याच्या थापेखाली लिहिताना हात थोडा अडखळतो. सगळ्यांचाच अडखळतो असे नाही. काहींनी आम्हांला शेवटपर्यंत फसविले, आणि त्याची आम्ही फार खंत केली नाही. एका खऱ्या मुलाला खोटे म्हणण्यापेक्षा दहा खोट्यांकडून फसणे आम्हांला परवडते. फसणे हा शिक्षकाच्या धंद्यातला खर्च आहे.

त्या वहीत आमचेही नाव चार वेळा आहे. दोनदा पंक्चर, एकदा पाऊस, एकदा 'निघायला उशीर झाला'. ते चौथे कारण लिहिताना मुले माना उंचावून पाहत होती. या बडोद्यात हे वेगळे सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि पुढे १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होता. पण नुसता दंड नव्हता. शिक्षण मोफतही होते, शाळा काढण्याचा भार राज्याने उचलला होता. ज्याने सक्ती केली त्याने आधी स्वतःला बांधून घेतले. घंटेचा नियम मुलांना आणि चहा संपेपर्यंत शिक्षकांना मुभा, अशा वर्गात मुले नियम शिकत नाहीत. अधिकार कसा वापरायचा ते शिकतात. याचा पडताळा हवा असेल तर शिक्षक बाहेर गेल्यावर बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायला मॉनिटरला सांगून पाहावे. पहिली तीन नावे त्याच्या वैऱ्यांची असतात, आणि ज्याने कालच डब्यातला लाडू दिला त्याचे नाव कधीच येत नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. नववी-दहावीतला मुलगा त्या रेषेच्या काठावर किंवा पलीकडे असतो. पण आमचे म्हणणे कायद्याच्या आधारावर उभे नाही. डायरीतील तांबड्या ओळीला कोणता कायदा लागतो, हे त्या मुलाने विचारलेलेच नाही. खरे बोलण्याचा उपयोग काय, एवढेच त्याने विचारले आहे.

आपण घरात शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगतो. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही, असे म्हणणाऱ्या लहान टिळकांचे कौतुक करतो. आख्यायिका म्हणून ती गोड आहे. पण आपल्याच घरचा मुलगा उद्या वर्गात असे म्हणाला आणि डायरीत उद्धटपणाची ओळ आली, तर आपल्यापैकी किती जण आधी मुलाला विचारतील आणि मग सही करतील? आम्ही शिक्षक असूनही त्या सायंकाळी त्या गृहस्थांना "असे चालायचेच" म्हणालो. तेही एक प्रकारे न वाचता केलेली सहीच होती.

गेल्या गुरुवारी ते पुन्हा देवळात भेटले. त्यांनी अजून सही केलेली नाही. सही केली नाही म्हणून मुलगा रोज वर्गात उभा राहतो, आणि सही करा असे तो एकदाही म्हणालेला नाही. या खेपेस आम्ही त्यांना सांगितले की, दोघे मिळून वर्गशिक्षकांना भेटू. उशीर झाला हे मुलाने आधी कबूल करावे, बुडलेला तास लिहून काढून न्यावा, सायकलची साखळी दर महिन्याला तपासण्याचे पत्करावे. 'उशिरा येतो' या शब्दांखाली वडिलांनी सही द्यावी. 'खोटी कारणे सांगतो' हे शब्द मात्र खोडून द्यावेत, अशी आपण शिक्षकांना विनंती करू. सायकल दुरुस्त करणारा शाळेपासून दोन चौकांवर आहे, त्याला विचारता येईल. शिक्षक तरुण आहेत असे कळते. त्यांना दुखवायचे नाही. आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट त्यांना सांगावी, असा आमचा विचार आहे. ती सांगायला सोपी नाही, पण सांगू.

दुसऱ्या मुलाचे नाव घ्यायचे नाही, असे मुलाने आपण होऊन सांगितले आहे.

शनिवारी शाळा सकाळची असते. साडेसहाला देवळाच्या फाटकाशी भेटायचे ठरले आहे.